धूर आणि निखारा

मागे एका रविवारी सकाळी चौकटींची वही उघडून मी एक गुणाकार मांडला. वर ७,६१,८३,८२,५७,२८७ आणि खाली १९,३७,०७,७२१. खालच्या संख्येत नऊ अंक, त्यांतला एक शून्य, म्हणजे आठ ओळी. सात हा अंक तीनदा येतो, तेव्हा सातची ओळ एकदाच काढायची (ती ५३३२८६७८०१००९ अशी येते) आणि जागा सरकवत तीनदा उतरवायची. एकच्या दोन ओळी म्हणजे वरचीच संख्या. खरे कष्ट दोन, तीन, सात आणि नऊ या चार ओळींचे. मग उभी बेरीज. पहिल्या खेपेला नवाचा पडताळा जुळेना. वरच्या संख्येतल्या अंकांची बेरीज ६४, म्हणजे शेवटी १. खालच्या संख्येतल्या अंकांची ३७, म्हणजे तीही १. उत्तराची बेरीजही एकावर यायला हवी होती, माझी नवावर येत होती. एका स्तंभातला हातचा राहिला होता. तो घातला आणि उत्तर उभे राहिले:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

या सगळ्याला पाऊण तास लागला. आता याच संख्येकडे उलट्या बाजूने पाहा. दोनाला दोनाने गुणत गुणत दोनाचा सदुसष्टावा घात काढा, त्यातून एक वजा करा. येते ती हीच संख्या. १६४४ सालापासून दोन शतकांहून अधिक काळ ती मूळ संख्यांच्या एका प्रसिद्ध यादीत बसून होती. मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग न जाणारी. १८७६ साली कळले, की ती मूळ नाही. पण तिला भाग कशाने जातो, हे त्यानंतर सत्तावीस वर्षे कुणालाही माहीत नव्हते.

या मधल्या सत्तावीस वर्षांवर माझे मन अडकले आहे. एखादी संख्या फुटते हे पक्के माहीत असावे आणि तिचा एकही तुकडा कुणी पाहिलेला नसावा, असे कसे होऊ शकते? शाळेत आपण शिकलो ते वेगळे होते. एक्क्याण्णव मूळ नाही, का? तेर साती एक्क्याण्णव, म्हणून. तिथे फुटते हे कळणे आणि कशात फुटते हे कळणे एकच होते. ती दोन वेगवेगळी ज्ञाने आहेत आणि त्यांच्यामध्ये फार मोठे अंतर पडू शकते, हे मला या संख्येने शिकवले.

आधी तिच्या आकाराचा अंदाज घेऊ. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत, सहस्र असे चढत चढत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या एकवीस अंकी, म्हणजे चौदाशे पंचाहत्तर परार्ध आणि वर काही. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर सगळ्या दाण्यांची बेरीज नेमकी इतकी झाली असती. संगणकाच्या भाषेत लिहायची तर ती फार सोपी दिसते: ओळीने सदुसष्ट एक. इतकी नीटस संख्या मूळ असेल असे वाटावे, यात नवल नाही.

ती यादी केली मारां मर्सेन यांनी. ते पॅरिसमध्ये राहणारे फ्रेंच धर्मगुरू. त्यांचे पत्रव्यवहाराचे जाळे युरोपभर पसरले होते आणि त्या काळातले निम्मे गणित त्यांच्या टपालातून जात असे, असे म्हटले तरी चालेल. दोनाचा घात वजा एक, या घडणीच्या संख्यांना आज त्यांचेच नाव आहे. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या हमखास फुटते. सहा एक ओळीने लिहा, ११११११. ते दोन-दोनांच्या किंवा तीन-तीनांच्या सारख्या तुकड्यांत मोडतात, आणि तसे मोडले की भाग गेलाच. तेव्हा घातांक मूळच हवा. पण घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ असतेच असे नाही. २, ३, ५, ७ यांना चालते. ११ ला चालत नाही, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. मर्सेन यांनी १६४४ मध्ये लिहिले, की २५७ पर्यंत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच घातांक मूळ संख्या देतात. पुढे सिद्ध झाले, की ६७ आणि २५७ चुकून आत आले आणि ६१, ८९, १०७ बाहेर राहिले. पण ही यादी त्यांनी तपासून केलेली असणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. तपासणार तरी कसे?

सरळ रीत सगळ्यांना ठाऊक आहे: लहान मूळ संख्यांपासून सुरुवात करून वर्गमुळापर्यंत एकेकीने भागून पाहायचे. आपल्या संख्येचे वर्गमूळ बाराशे चौदा कोटींच्या पुढे जाते. तिथपर्यंत मूळ संख्याच पन्नास कोटींहून जास्त आहेत. दिवसाला शंभर भागाकार करणारा माणूस पन्नास कोटींसाठी तेरा हजार वर्षे बसेल.

म्हणून न भागता कळण्याची वाट शोधावी लागते. ती वाट एका साध्या माळेतून जाते, आणि ती माळ मला फार आवडते.

लाल आणि पांढरे मणी घ्या. दोऱ्यात ओळीने पाच मणी ओवायचे आहेत. प्रत्येक जागी दोनांपैकी एक रंग, म्हणजे एकूण बत्तीस प्रकार. त्यांतले सगळे लाल आणि सगळे पांढरे हे दोन बाजूला काढा. उरले तीस. आता दोऱ्याची टोके बांधून माळ करा आणि ती एकेक मणी फिरवा. प्रत्येक फिरवणीला गाठीपासून वाचल्यावर नवा प्रकार दिसतो. पाच वेळा फिरवल्यावर पहिला परत येतो. म्हणजे ते तीस प्रकार पाच-पाचांच्या गटांत पडतात. तीस भागिले पाच, सहा गट. बाकी शून्य.

आता चार मणी घ्या. सोळा प्रकार, दोन वजा, चौदा. चौदाला चाराने भाग जात नाही. कुठे बिघडले? लाल, पांढरा, लाल, पांढरा ही माळ पाहा. ती दोनदा फिरवली की पुन्हा तीच दिसते. तिचा गट चाराचा न होता दोनाचाच होतो. चौदा म्हणजे चार, चार, चार आणि दोन. हे का झाले, याचे उत्तर माळेतच आहे: चाराचे दोन सारखे तुकडे होतात, म्हणून दोन मण्यांची नक्षी दोनदा उमटू शकली. पाचाचे सारखे तुकडे होत नाहीत, म्हणून तिथे कुठलीच नक्षी स्वतःला पुन्हा गिरवू शकत नाही.

आता हे उलटे वाचा. मणी कितीही असोत. दोनाचा तेवढा घात घ्या, दोन वजा करा, मण्यांच्या संख्येने भागा. बाकी उरली, तर कुठेतरी एखादी माळ वेळेआधी स्वतःवर परतली आहे. म्हणजे मण्यांच्या संख्येचे सारखे तुकडे होतात. म्हणजे ती संख्या मूळ नाही. आणि हे कळताना तुकडा केवढा, हे आपण पाहिलेलेच नाही! ९१ वर करून बघा. दोनाचा बारावा घात ४०९६; त्याला ९१ ने भागले की बाकी १. म्हणून चौऱ्याऐंशीव्या घाताचीही बाकी १, आणि एक्क्याण्णवाव्या घाताची बाकी सातव्या घाताइतकी, म्हणजे १२८ वजा ९१, सदतीस. दोन वजा केले, पस्तीस उरले. शून्य आले नाही. ९१ फुटते हे कळले, आणि या साऱ्या हिशेबात सात किंवा तेरा भाजक म्हणून कुठेही आले नाहीत. हा नियम सतराव्या शतकात पिएर द फर्मा यांनी सांगितला. तेही मर्सेन यांच्याशी पत्रव्यवहार असणारे.

न्यायशास्त्रात अनुमानाचा पहिला दाखला डोंगरावरच्या धुराचा असतो. धूर दिसला, तेव्हा तिथे अग्नी आहे. अग्नी डोळ्यांना दिसलेला नाही, तो कुठल्या खडकाआड आहे हे माहीत नाही, पण तो आहे. माळेची ही कसोटी मला तशीच वाटते. बाकी हा धूर. अवयव हा अग्नी.

पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. ३४१ घ्या. दोनाचा दहावा घात १०२४, त्याला ३४१ ने भागले की बाकी १. म्हणून तीनशे चाळिसाव्या घाताचीही बाकी १, आणि माळेची कसोटी शून्य दाखवते. तरीही ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. आपली एकवीस अंकी संख्याही अशीच आहे, आणि तिचे कारण पाहण्यासारखे आहे. सदुसष्ट मूळ आहे. म्हणून सदुसष्ट मण्यांच्या माळेच्या नियमाने दोनाचा सदुसष्टावा घात वजा दोन याला सदुसष्टाने भाग जातो. पण दोनाचा सदुसष्टावा घात वजा दोन म्हणजे आपली संख्या वजा एक. आणि दोनाच्या सदुसष्टाव्या घाताला आपल्या संख्येने भागले तर बाकी एक, कारण ती त्याहून एकानेच लहान आहे. दोन्ही एकत्र आले, की मोठ्या माळेची कसोटी आपोआप शून्यावर येते. सदुसष्ट मण्यांची माळ खरे बोलते, आणि तिच्या खरेपणामुळेच चौदाशे परार्ध मण्यांची माळ गप्प बसते. निदान दोन रंगांची तरी.

तेव्हा इथे जास्त बारीक कसोटी लागते. ती एदुआर लुकास यांनी शोधली. शाळकरी मुले तीन खांब आणि चकत्यांचा मनोरा हलवण्याचा जो खेळ खेळतात, तो हनोईचा मनोराही यांचाच, १८८३ चा. त्यात सदुसष्ट चकत्या असतील तर कमीत कमी आपल्या संख्येइतक्याच चाली लागतात. ज्या संख्येचा निवाडा या माणसाने केला, तीच त्याच्या खेळातही पुन्हा भेटते. लुकास यांची मूळ रीत पुढे डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत केली. ती अशी: चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर नाही.

३१ वर पाहू. तो दोनाचा पाचवा घात वजा एक, म्हणून तीन पायऱ्या. चाराचा वर्ग सोळा, दोन वजा, चौदा. चौदाचा वर्ग १९६, दोन वजा १९४, ३१ ने भागून बाकी आठ. आठाचा वर्ग चौसष्ट, दोन वजा बासष्ट, बाकी शून्य. ३१ मूळ आहे. आता २०४७ घ्या, नऊ पायऱ्यांचा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. २०४७ फुटते. या दहा आकड्यांकडे कितीही वेळ पाहत बसा, त्यांतून २३ किंवा ८९ डोकावणार नाहीत. ही कसोटी का चालते, याचे मूळही माळेतलेच आहे: घिरट्या घालून स्वतःवर परतणाऱ्या आवर्तनांची लांबी. फक्त इथली आवर्तने तीनाच्या वर्गमुळासारख्या संख्या सोबत घेतल्यावर तयार होतात. त्याचा विस्तार इथे करत नाही.

आपल्या संख्येसाठी पायऱ्या किती? सदुसष्ट वजा दोन, पासष्ट. तेरा हजार वर्षांच्या जागी पासष्ट वर्ग आणि पासष्ट भागाकार. एकवीस अंकी संख्यांचे ते गुणाकार हाताने करणे सोपे नव्हे, पण माणसाच्या आवाक्यातले आहे. १८७६ मध्ये लुकास यांनी आपल्या रीतीने १२७ या घातांकाचा निकाल लावला, ती संख्या मूळ आली. आणि ६७ चाही लावला, ती फुटली. मर्सेन यांच्या यादीतली ही पहिली उघड झालेली चूक.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली आणि ती आल्यावर ही सत्तावीस वर्षे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. समजा हाताने गणित करताना एखादा हातचा चुकला, जसा माझा त्या रविवारी चुकला. एकवीस अंकी संख्येत चुकीच्या वाटेने जाऊन नेमक्या शून्यावर पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून 'शून्य आले' या निकालावर विश्वास ठेवता येतो. पण 'शून्य आले नाही' हा निकाल? खरी संयुक्त संख्या असेल तरी शून्य येत नाही, आणि मूळ संख्या असून गणित चुकले तरी शून्य येत नाही. दोन्हींचा चेहरा एकच. न्यायशास्त्राने याचाही दाखला देऊन ठेवला आहे: लांबून धूर वाटला ते धुके निघू शकते. संख्या फुटते असे हाताने केलेल्या कसोटीतून सांगणाऱ्याला जग कायम एक प्रश्न विचारू शकते, की तू पाहिलेस तो धूरच होता ना?

त्या प्रश्नाला एकच पुरते उत्तर आहे. डोंगर चढायचा आणि निखारा हातात घेऊन खाली यायचे.

ते केले फ्रँक नेल्सन कोल यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हे प्राध्यापक अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे बरीच वर्षे सचिव होते. कामाच्या दिवसांत वेळ नसे, म्हणून रविवार. त्यांची वाट कशी होती, ते थोडे पाहू.

पुन्हा २०४७ पासून. दोनाचे घात घेत जा आणि प्रत्येकाला २३ ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीवर एक आला आणि चक्र पुरे झाले. फर्मा यांचा नियम सांगतो, की २३ मूळ असल्याने बाविसाव्या पायरीवर एक आलाच पाहिजे. म्हणून अकराचे चक्र बावीसात पुरेपूर बसायला हवे, आणि बसते. ८९ चेही तसेच, ८८ मध्ये अकरा आठदा. म्हणजे २०४७ चा कुठलाही मूळ अवयव २२ च्या पटीहून एकाने मोठा असणारच. आपल्या संख्येसाठी अकराच्या जागी सदुसष्ट घाला. तिचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीहून एकाने मोठा असला पाहिजे. सरसकट साऱ्या मूळ संख्या तपासायला नकोत, १३५, २६९, ४०३ अशी मोजकी उमेदवार मंडळी पुरेत.

आणखी एक चाळणी. दोनाच्या सदुसष्टाव्या घाताची बाकी एक. म्हणून अडुसष्टाव्या घाताची बाकी दोन. पण अडुसष्टावा घात म्हणजे चौतिसाव्या घाताचा वर्ग. तेव्हा आपल्या संख्येच्या दरबारात, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाक्यांत, 'दोन' हा पूर्ण वर्ग आहे, आणि म्हणून तिच्या प्रत्येक अवयवाच्या दरबारातही. ज्या मूळ संख्यांच्या बाबतीत हे खरे असते, त्यांना आठाने भागले की बाकी एक किंवा सातच उरते. निम्मे उमेदवार बाद. दोनासारख्या वर्ग ठरणाऱ्या दुसऱ्या बाक्या जितक्या हुडकाव्यात, तितक्या वेळा उरलेल्यांतले सुमारे निम्मे गळतात. कोल यांनी रविवारमागून रविवार हीच चाळणी बारीक करत नेली.

शेवटी जो अवयव सापडला तो १९,३७,०७,७२१. त्यातून एक वजा करून १३४ ने भागा, १४,४५,५८० येतात, बाकी नाही. त्याला आठाने भागा, बाकी एक. पहिल्या दोनच चाळण्या लावल्या असत्या तरी त्याच्यापर्यंत पोहोचायला सात लाख बावीस हजार सातशे नव्वद भागाकार लागले असते. पन्नास कोटींच्या मानाने थोडे, पण एका माणसाच्या रविवारांना ते झेपले नसते. आणि हा अवयव यापेक्षा पन्नासपट मोठा निघाला असता, तर या वाटेने तो त्यांच्या आयुष्यात सापडला नसता. लुकास यांच्या पासष्ट पायऱ्या मात्र तेव्हाही पासष्टच राहिल्या असत्या. धूर दिसण्याला लागणारा वेळ आग कुठे आहे यावर अवलंबून नसतो. आगीपर्यंत चालत जाण्याला मात्र अंतर लागते.

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला सोसायटीची बैठक होती आणि मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर कोल यांचे व्याख्यान होते. पुढचा प्रसंग गणितज्ञ एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवला आहे. कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात खडूने मांडला. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूला आले आणि माझ्या वहीतला तो गुणाकार ओळीमागून ओळ करत गेले. दोन्ही उत्तरे जुळली. ते जागेवर जाऊन बसले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, प्रश्न कुणीच विचारला नाही. पुढे बेल यांनी विचारले तेव्हा, किती वेळ लागला याचे उत्तर मिळाले, तीन वर्षांचे रविवार. बेल यांची लेखणी कथा रंगवणारी होती, म्हणून सभागृहातला तपशील त्यांच्या नावावर ठेवतो. कोल यांचा निबंध मात्र छापलेला आहे आणि दोन्ही अवयव त्यात आहेत.

बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते, असे मला वाटते. पासष्ट पायऱ्यांच्या कसोटीवर विश्वास ठेवायचा तर तिचे प्रमेय समजायला हवे, गणित पुन्हा करायला हवे. गुणाकाराला त्यातले काही लागत नाही. चौथीतल्या मुलीलाही तो तपासता येतो. शोधायला तीन वर्षे, तपासायला पाऊण तास: निखाऱ्याचे हेच वैशिष्ट्य, की तो आणणाऱ्याला जितका दुर्लभ, तितकाच पाहणाऱ्याला स्वच्छ दिसतो.

फुटते हे कळणे आणि कशात फुटते हे कळणे यांतले अंतर आता आपल्या रोजच्या वापरात आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्यावर संदेश गुप्त ठेवण्याचे कुलूप बेतले. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. कुलूप बनवणाऱ्याला मोठ्या मूळ संख्या झटपट हव्यात. त्या लुकास यांच्या वंशातल्या कसोट्या, म्हणजे माळेच्याच सुधारलेल्या रीती, क्षणात निवडून देतात. चोराला त्या गुणाकाराचे अवयव हवेत. ती कोल यांची पायपीट, आणि ती आजही लांबच लांब आहे. लुकास आणि कोल यांच्या कामांतली तफावत, तीच त्या कुलपाची ताकद. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले, की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि तिच्या अंकसंख्येच्या मानाने आटोक्यातल्या वेळात ठरवता येते. लुकास यांची कसोटी एका घडणीच्या संख्यांपुरती होती, ही सर्वांना लागू. आणि हीसुद्धा फुटते एवढेच सांगते. तुकडे हातात देत नाही. ते झटपट पाडण्याची रीत नेहमीच्या संगणकासाठी आजवर कुणाला मिळालेली नाही, आणि ती नाहीच, हेही कुणी सिद्ध केलेले नाही.

कोल यांची संख्या आज फोनसुद्धा पापणी लवायच्या आत फोडतो. पण सत्तावीस वर्षांची ती अवस्था संपलेली नाही. ती फक्त पुढच्या संख्यांकडे सरकली आहे. दोनाच्या १०,४८,५७६ व्या घातात एक मिळवा. ती संख्या ३,१५,६५३ अंकी आहे. ती मूळ नाही हे १९८७ पासून ठाऊक आहे, आणि तिचा एकही अवयव अजून कुणी पाहिलेला नाही. मर्सेन यांच्या घराण्यात अशी सगळ्यात लहान संख्या म्हणजे दोनाचा १२७७ वा घात वजा एक. लुकास-लेमर कसोटी तिच्यावर चालवली आहे, शून्य येत नाही. यंत्रांनी पुन्हा पुन्हा चालवली आहे, तेव्हा हे धुके नव्हे. ती फुटते. तिचे मूळ अवयव २५५४ च्या पटीहून एकाने मोठे असणार, हेही आपल्याला ठाऊक आहे. आणि जगभर विखुरलेले हौशी लोक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ तिच्यावर खर्च करत आहेत.

ती ३८५ अंकी आहे. माझ्या वहीत एका ओळीत तीस चौकटी बसतात, म्हणजे तिला तेरा ओळी लागतात. कोल यांचा गुणाकार झाल्यावर त्याच रविवारी पुढचे पान उलटून मी ती उतरवून ठेवली आहे. वर शीर्षक लिहिले आहे, खाली जागा मोकळी सोडली आहे.